स्नायुविद्युत् आलेखन व तंत्रिका-संवहन परीक्षा

स्नायुविद्युत् आलेखन व तंत्रिका-संवहन परीक्षा : स्नायूंमध्ये विश्रांतीच्या व आकुंचनाच्या वेळी होणाऱ्या विद्युत् वर्चसातील बदलांची नोंद करणे म्हणजे स्नायुविद्युत् आलेखन. तंत्रिकेला त्वचेवरून सौम्य विद्युत् उद्दीपन देऊन तिच्यातून जाणाऱ्या आवेगाचा वेग व आकार मोजणे म्हणजे तंत्रिका-संवहन परीक्षा होय. या दोन परीक्षा बहुधा एकाच वेळी, एकाच यंत्रावर व एकाच तज्ञाकडून केल्या जातात. व्यवहारात त्यांना ‘ई.एम.जी.’ व ‘एन.सी.व्ही.’ अशी संक्षिप्त नावे असून रुग्ण त्यांना ‘नसांची तपासणी’ म्हणतात. बोलभाषेत ‘नस’ हा शब्द रक्तवाहिनी, कंडरा आणि तंत्रिका या तिन्हींसाठी वापरला जातो. त्यामुळे ‘नस दबली’, ‘नस आखडली’ अशी तक्रार सांगणाऱ्या रुग्णाला नेमके काय झाले आहे, हे प्रथम विचारून घ्यावे लागते. प्रस्तुत परीक्षांचा संबंध फक्त तंत्रिका व स्नायू यांच्याशी आहे.

हातापायांतील अशक्तपणा, बधिरता, मुंग्या किंवा स्नायूंची झीज यांचे मूळ मेरुरज्जूतील प्रेरक कोशिका, तंत्रिकामूळ, प्रत्यक्ष तंत्रिका, तंत्रिका-स्नायू संधिस्थान आणि स्नायू यांपैकी कोणत्याही ठिकाणी असू शकते. बाहेरून पाहता या सर्वांची लक्षणे पुष्कळदा सारखीच दिसतात, पण उपचार मात्र अगदी भिन्न असतात. दोष कोणत्या टप्प्यावर आहे हे ठरविणे हेच या परीक्षांचे मुख्य कार्य होय.

शरीरक्रियेचा आधार : विश्रांतीच्या अवस्थेत स्नायुतंतूची आतील बाजू बाहेरील बाजूच्या मानाने सु. ९० मिलिव्होल्ट ऋण असते. तंत्रिकातंतूत हा फरक सु. ७० मिलिव्होल्ट असतो. उद्दीपन मिळताच सोडियम आयन आत शिरतात, ध्रुवता क्षणभर उलटते आणि हा बदल तंतूच्या लांबीवरून पुढे सरकतो. यालाच आवेग म्हणतात. मोठ्या तंत्रिकातंतूंवर मायेलीन या वसायुक्त द्रव्याचे आवरण असते. ते ठराविक अंतरावर खंडित झालेले असल्याने आवेग एका खंडापासून दुसऱ्या खंडापर्यंत उडी घेत जातो व त्यामुळे त्याचा वेग पुष्कळ वाढतो. प्रौढ माणसाच्या हातातील तंत्रिकांमध्ये हा वेग सामान्यतः सेकंदाला ५० मी. पेक्षा जास्त आणि पायात ४० मी. पेक्षा जास्त असतो. नवजात अर्भकात आवरणाची वाढ अपुरी असल्याने तो याच्या सु. निम्मा असतो व साधारण तीन ते पाच वर्षांच्या वयापर्यंत प्रौढांइतका होतो.

आवेग तंत्रिकेच्या टोकाशी पोहोचल्यावर तेथून ॲसिटिलकोलीन हे द्रव्य स्रवते. ते स्नायूच्या पृष्ठभागावरील ग्राहींना चिकटते व स्नायूत नवा आवेग निर्माण करते. काम झाल्यावर कोलीनएस्टरेज हे एंझाइम त्याचे लगेच विघटन करते. एक प्रेरक कोशिका, तिचा तंतू आणि त्याने नियंत्रित केलेले सर्व स्नायुतंतू मिळून एक प्रेरक एकक होते. डोळा फिरविणाऱ्या स्नायूंत एका एककात जेमतेम दहाच्या आसपास स्नायुतंतू असतात, तर पोटरीच्या मोठ्या स्नायूत ही संख्या हजाराच्या पुढे जाते. [⟶ तंत्रिका तंत्र, स्नायू].

इतिहास : बेडकाच्या पायावर केलेल्या प्रयोगांवरून प्राण्यांच्या शरीरात विद्युत् असते, असे लुईजी गॅल्व्हानी यांनी १७९१ मध्ये प्रसिद्ध केले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास एमील द्यू ब्वा-रेमाँ यांनी माणसाच्या स्नायूंच्या ऐच्छिक आकुंचनातील विद्युत् प्रवाह दाखविला. तंत्रिकेतील आवेगाचा वेग मोजणे शक्यच नाही, असे योहानेस म्यूलर यांचे मत होते. त्यांचेच शिष्य हेर्मान फोन हेल्महोल्ट्स यांनी १८५० मध्ये बेडकाच्या तंत्रिकेत तो मोजला व सेकंदाला सु. ३० मी. असल्याचे दाखविले. वीज प्रकाशाच्या वेगाने धावते अशा कल्पनेत असलेल्यांना हा आकडा फार लहान वाटला. तथापि वेग इतका कमी असल्यामुळेच साध्या उपकरणांनी तो मोजता येतो.

ई. डी. एड्रिअन व डी. डब्ल्यू. ब्राँक यांनी १९२९ मध्ये समकेंद्री सुई विद्युत् अग्र वापरात आणले आणि एकेका प्रेरक एककाचे आलेखन शक्य झाले. एड्रिअन यांना चार्ल्स शेरिंग्टन यांच्यासमवेत १९३२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. दुसऱ्या महायुद्धात तंत्रिकांच्या जखमा झालेल्या सैनिकांची संख्या मोठी होती व प्रवर्धक आणि दोलनदर्शक ही साधनेही सुधारली होती. त्यामुळे १९४८ मध्ये हॉड्स, लाराबी व जर्मन यांनी रुग्णांमधील प्रेरक संवहन वेगाचे मापन प्रसिद्ध केले. लंडनच्या जी. डी. डॉसन यांनी पुढच्याच वर्षी संवेदी तंत्रिकांचे सूक्ष्म वर्चस् त्वचेवरून टिपण्याची पद्धती दिली. हल्लीच्या यंत्रांत दोलनदर्शकाची जागा संगणकाने घेतली असली, तरी मापनाची तत्त्वे तीच आहेत.

संवहन परीक्षा : हाताच्या परीक्षेत अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या स्नायूवर विद्युत् अग्र चिकटवितात व मीडियन तंत्रिकेला प्रथम मनगटाशी आणि नंतर कोपराशी उद्दीपन देतात. समजा, मनगटावरून दिलेल्या उद्दीपनानंतर ३ मिलिसेकंदांनी आणि कोपरावरून दिलेल्या उद्दीपनानंतर ७ मिलिसेकंदांनी स्नायूचे वर्चस् उमटले. दोन जागांमधील अंतर २२ सेंमी. असेल, तर ते अंतर आवेगाने ४ मिलिसेकंदांत कापले, म्हणजे वेग सेकंदाला ५५ मी. झाला. दोन जागी उद्दीपन देण्याचे कारण असे की, संधिस्थानावर व स्नायूत जाणारा वेळ वजाबाकीत निघून जातो. संवेदी तंत्रिकांच्या बाबतीत संधिस्थान मध्ये येत नाही, त्यामुळे एकच उद्दीपन पुरते. मात्र त्यांचे वर्चस् काही मायक्रोव्होल्ट इतकेच असल्याने अनेक नोंदींची सरासरी घ्यावी लागते.

वेगाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, उंचीचा म्हणजे वर्चसाच्या परिमाणाचा विचार महत्त्वाचा असतो. मायेलीन आवरण बिघडले तर वेग घटतो व मध्येच आवेग अडतो. तंतूच नष्ट झाले तर उरलेले तंतू जवळजवळ पूर्वीच्याच वेगाने आवेग नेतात, पण वर्चसाची उंची कमी होते. अहवालातील ‘वेग प्राकृत’ या शब्दांवर विसंबून तंत्रिका निरोगी आहे असे मानणे ही चूक वारंवार घडते.

तापमानाचा परिणाम स्वतंत्रपणे सांगण्याजोगा आहे. हात थंड असला की प्रत्येक अंश से. मागे वेग सेकंदाला सु. दोन मी. ने कमी होतो. परभणी जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४२° से. च्या वर जातो, तर डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान १०° से. च्याही खाली येते. अशा दिवसांत जिंतूर किंवा पालमहून पहाटेच्या गाडीने किंवा मोटारसायकलने निघून तपासणीस आलेल्या माणसाचे हात गार असतात. ते ऊबदार पाण्यात धरून त्वचेचे तापमान सु. ३२° से. पर्यंत न आणता परीक्षा केल्यास निरोगी माणसाच्या अहवालातही तंत्रिकाविकार लिहिला जाऊ शकतो. चांगल्या प्रयोगशाळेच्या अहवालात त्वचेचे तापमान नोंदलेले असते.

सुई परीक्षा : बारीक सुईच्या आकाराचे विद्युत् अग्र स्नायूत खुपसून तीन अवस्थांत नोंद घेतात : स्नायू पूर्ण शिथिल असताना, किंचित आकुंचित असताना आणि पूर्ण जोर लावलेला असताना. नोंद पडद्यावर दिसते व ध्वनिक्षेपकातून ऐकूही येते. अनुभवी तज्ञ डोळ्यांइतकाच कानांवर अवलंबून असतो. निरोगी शिथिल स्नायू शांत असतो. तंत्रिकेपासून तुटलेले स्नायुतंतू मात्र आपोआप स्फुरू लागतात व पत्र्याच्या छपरावर पावसाचे तुरळक थेंब पडावेत तसा आवाज येतो. आकुंचनानंतर स्नायू लवकर सैल न पडणाऱ्या आनुवंशिक विकारांत मोटारसायकलचा वेग वाढवून पुन्हा कमी करावा तसा चढता-उतरता ध्वनी ऐकू येतो व तो एकदा ऐकल्यावर विसरला जात नाही. जोर लावल्यावर दिसणारी प्रेरक एककांची वर्चसे तंत्रिकाविकारात मोठी, लांबट व संख्येने विरळ असतात, कारण उरलेल्या तंतूंनी अनाथ स्नायुतंतूंना आपल्या एककात सामावून घेतलेले असते. स्नायूच्या स्वतःच्या विकारात ती लहान व अल्पकालीन असतात आणि थोड्याशा जोरासाठीही अनेक एकके एकदम कामाला लागतात.

परीक्षेची वेळ : तंत्रिका कापली गेली तरी जखमेच्या पुढील भाग काही दिवस उद्दीपनाला प्रतिसाद देत राहतो. प्रेरक तंतूंचा प्रतिसाद सु. एका आठवड्यात व संवेदी तंतूंचा दहा-अकरा दिवसांत नाहीसा होतो. सुई परीक्षेतील स्फुरण दिसू लागण्यास दोन ते तीन आठवडे लागतात. त्यामुळे मळणी यंत्रात हात सापडलेल्या किंवा कोयत्याचा घाव बसलेल्या माणसाची परीक्षा दुसऱ्याच दिवशी केली, तर ती फसवी ठरते. जखमेतील तंत्रिका शस्त्रक्रियेने त्याच वेळी शोधावी लागते, त्यासाठी अहवालाची वाट पाहत नाहीत. जोडलेल्या तंत्रिकेचे तंतू दिवसाला सु. एक मिमी. वाढतात. कोपराशी तुटलेल्या तंत्रिकेला २८ सेंमी. दूर असलेल्या हाताच्या स्नायूंपर्यंत पोहोचण्यास म्हणून नऊ महिन्यांहून अधिक काळ लागतो. या काळात बोटे ताठू न देणे, हे रोजच्या व्यायामाचे काम असते.

लहान मुलाचा एक पाय अचानक लुळा पडतो, तेव्हा हाच प्रश्न वेगळ्या रूपाने उभा राहतो. पोलिओचा प्रादुर्भाव होता त्या काळी कुल्ल्यात चुकीच्या जागी दिलेल्या इंजेक्शनाने सायटिक तंत्रिकेला इजा झालेली अनेक मुले पोलिओची समजली जात, आणि उलटही घडे. पोलिओत मेरुरज्जूतील प्रेरक कोशिका मरतात. संवेदी तंत्रिका शाबूत राहत असल्याने तिची नोंद प्राकृत येते. इंजेक्शनाच्या इजेत त्याच पायाची संवेदी नोंदही घटलेली किंवा नाहीशी झालेली असते. भारत २७ मार्च २०१४ रोजी पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला, तरी पंधरा वर्षांखालील मुलातील प्रत्येक आकस्मिक लुळेपणाची माहिती आरोग्य खात्याला देणे आवश्यकच आहे. त्याचा निर्णय मात्र चौदा दिवसांच्या आत, किमान चोवीस तासांच्या अंतराने घेतलेल्या दोन विष्ठा-नमुन्यांच्या विषाणु-परीक्षेवर होतो, विद्युत् परीक्षेवर नव्हे.

संधिस्थानाचे विकार : तंत्रिकेला सेकंदाला दोन-तीन या गतीने लागोपाठ उद्दीपने दिल्यास निरोगी स्नायूचा प्रतिसाद एकसारखा राहतो. संधिस्थान दुर्बळ असल्यास चौथ्या-पाचव्या प्रतिसादापर्यंत त्याची उंची दहा टक्क्यांहून अधिक घटते. दिवस चढेल तशा पापण्या मिटू लागणाऱ्या मायस्थेनिया या विकाराच्या निदानास ही पुनरावर्ती उद्दीपन परीक्षा उपयोगी पडते.

कृषिप्रधान प्रदेशात या परीक्षेला आणखी एक अर्थ आहे. परभणी जिल्ह्यात कापूस, सोयाबीन व तूर ही पिके मोठ्या प्रमाणावर घेतली जातात आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धात फवारणीचे दिवस येतात. फवारणीच्या औषधांतील ऑर्गॅनोफॉस्फेट गटाची द्रव्ये कोलीनएस्टरेजाचे कार्य बंद पाडतात. कपडे भिजून त्वचेतून, श्वासावाटे किंवा पोटात गेल्याने विषबाधा होते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणारे अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले, त्या वेळी या प्रश्नाकडे राज्याचे लक्ष वेधले गेले. विषबाधेच्या पहिल्या टप्प्यात घाम, लाळ, बाहुल्यांचा संकोच व स्नायूंचे स्फुरण ही लक्षणे असतात. या वेळी तंत्रिकेला एकच उद्दीपन दिले तरी स्नायूचे वर्चस् एकामागून एक असे दोन-तीनदा उमटते, कारण ॲसिटिलकोलीन हटविले गेलेले नसते.

ॲट्रोपिनाने ही लक्षणे ओसरली व रुग्ण शुद्धीवर आला की नातेवाईकांना घरी जाण्याची घाई होते. धोका तेथेच असतो. विष शरीरात गेल्यापासून एक ते चार दिवसांच्या दरम्यान काही रुग्णांत मानेचे, खांद्यांचे व श्वसनाचे स्नायू दुर्बळ होतात. श्रीलंकेतील एन. सेनानायके व एल. करालिएड्डे यांनी १९८७ मध्ये या अवस्थेचे वर्णन करून तिला ‘मध्यंतरीचा लक्षणसमूह’ अशा अर्थाचे नाव दिले. उशीवरून डोके उचलता न येणे हे तिचे पहिले चिन्ह होय. ते पाहण्यास कोणतेही यंत्र लागत नाही व प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात ते दर काही तासांनी पाहता येते. पुनरावर्ती उद्दीपनात या काळात प्रतिसाद घटत गेलेला आढळतो. श्वसनाला कृत्रिम आधार मिळाल्यास हे रुग्ण बहुधा एक ते तीन आठवड्यांत पूर्ण बरे होतात, तो न मिळाल्यास दगावतात. याच गटातील काही द्रव्यांमुळे दोन-तीन आठवड्यांनंतर पायांच्या लांब तंत्रिकांची झीज होते. तिच्यात पोटऱ्या दुखतात व पाऊल लुळे पडते. संवहन परीक्षेत वर्चसाची उंची घटलेली दिसते.

सर्पदंशातील पक्षाघातही संधिस्थानाचाच असतो. नागाचे विष स्नायूकडील ग्राही अडविते, तर मण्याराचे विष मुख्यतः तंत्रिकेच्या टोकाचीच हानी करते. म्हणून निओस्टिग्मीन या औषधाचा गुण नागाच्या दंशात पुष्कळदा चटकन दिसतो, पण मण्याराच्या दंशात तो बहुधा दिसत नाही व टोकांची पुन्हा वाढ होईपर्यंत थांबावे लागते. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावतो व दंशाची वेदना अगदी कमी असते. ऊसतोड कामगारांच्या कोप्यांत किंवा शेतातील आखाड्यावर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखी व जड पापण्या घेऊन उठतो, आणि दंशाची खूण कोठेच दिसत नाही. अशा वेळी विद्युत् परीक्षेसाठी रुग्णाला दूरच्या शहरात पाठविणे घातक होय. प्रतिविष व श्वसनाचा आधार यांना प्रथम स्थान आहे.

तंत्रिकाशोथ व कुष्ठरोग : १९१६ मध्ये जी. गियाँ, जे. ए. बारे व ए. स्ट्रोल यांनी वर्णिलेला आकस्मिक तंत्रिकाविकार महाराष्ट्रातील सर्वसामान्यांना माहीत झाला तो जानेवारी २०२५ मध्ये. पुण्याच्या सिंहगड रस्ता, किरकटवाडी व नांदेड या परिसरांत त्याचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले व पुढील काही आठवड्यांत पुणे विभागातील संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली. (हे नांदेड म्हणजे पुण्याजवळचे गाव, परभणीशेजारचे नांदेड शहर नव्हे. नामसाधर्म्यामुळे मराठवाड्यात घबराटीला कारण नव्हते.) काही रुग्णांच्या विष्ठेत कँपिलोबॅक्टर जेजुनाय हा सूक्ष्मजंतू आढळला. त्याच्याविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे स्वतःच्याच तंत्रिकांवर हल्ला करतात. काही रुग्णांत आवरणाचा, तर काहींत प्रत्यक्ष तंतूचा विकार होतो व हा भेद संवहन परीक्षेनेच कळतो. तथापि पहिल्या आठवड्यात परीक्षा जवळजवळ प्राकृत येऊ शकते. आवेग मेरुरज्जूपर्यंत जाऊन परत येण्याचा वेळ मोजणाऱ्या उशिराच्या तरंगांत दोष त्या मानाने लवकर दिसतो. पाय लुळे पडत जाऊन प्रतिक्षेप नाहीसे झाले असतील, तर अहवाल प्राकृत आला म्हणून इम्युनोग्लोब्युलीन किंवा रक्तद्रव-विनिमय हा उपचार लांबविला जात नाही.

कुष्ठरोगाचा सूक्ष्मजंतू शरीराच्या थंड भागांतील तंत्रिकांत वाढतो. कोपरामागील अल्नर, गुडघ्याच्या बाहेरील पेरोनियल व घोट्याजवळील टिबियल या तंत्रिका मुख्यतः बिघडतात आणि त्यांतून वाकडी बोटे, लुळे पाऊल व तळव्याचे व्रण उद्भवतात. संवेदी संवहनातील दोष कित्येकदा रुग्णाला बधिरता जाणवण्यापूर्वीच सापडतो. तंत्रिका दुखत नसतानाही तिचे कार्य नष्ट होत जाते, असा मूक तंत्रिकाशोथ या रोगात होतो. तो सहा महिन्यांच्या आत ओळखला गेला, तर स्टेरॉइडांनी कार्य परत येण्याची शक्यता चांगली असते. डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर कुष्ठरोगाचे प्रमाण दर दहा हजारांस एकापेक्षा खाली गेले, पण रोग नाहीसा झालेला नाही. गावपातळीवर नायलॉनच्या बारीक तंतूने स्पर्शज्ञान पाहणे व करंगळी, अंगठा आणि पाऊल यांची ताकद हाताने अजमावणे या दोन कसोट्या ठराविक कालाने केल्यास यंत्राची उणीव पुष्कळशी भरून निघते.

मर्यादा : वेदना व उष्णतेची संवेदना नेणारे अतिशय बारीक तंतू या परीक्षांत दिसत नाहीत. मधुमेहात प्रथम तेच बिघडतात. तळव्यांची आग होत असतानाही अहवाल प्राकृत येण्याचे कारण हे आहे. मेंदू व मेरुरज्जूतील वरच्या मार्गांचे रोगही येथे सापडत नाहीत. पूर्व विदर्भात लाखोळीची डाळ दीर्घकाळ खाल्ल्याने पाय ताठून अपंगत्व आलेल्यांच्या तंत्रिकांचे संवहन म्हणूनच बहुधा प्राकृत आढळते.

सुईने होणारा त्रास सहन करण्याजोगा असतो. रक्त गोठू न देणारी औषधे घेणाऱ्यांनी किंवा हृदयगतिकारक यंत्र बसविलेल्यांनी तसे आधी सांगावे. परीक्षेच्या दिवशी अंगाला तेल लावू नये, कारण विद्युत् अग्रे नीट चिकटत नाहीत. मायस्थेनियाची गोळी चालू असल्यास ती थांबवावी किंवा कसे, हे वैद्याला विचारूनच ठरवावे. उपाशी राहण्याची गरज नसते. तंत्रिकाविकारांचे तज्ञ मोठ्या शहरांत एकवटलेले आहेत. मराठवाड्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालये औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे १९५६ मध्ये व नांदेडला १९८८ मध्ये निघाली, परभणीला मात्र २०२३ मध्ये. परगावच्या परीक्षेसाठी गंगाखेड किंवा सोनपेठच्या शेतमजुराचा व त्याच्याबरोबर येणाऱ्याचा एक दिवसाचा रोज बुडतो. त्यामुळे परीक्षेस पाठविणाऱ्या वैद्याने कोणता प्रश्न सोडवावयाचा आहे, लक्षणे कधी सुरू झाली, कोणता स्नायू दुर्बळ आहे हे चिठ्ठीत लिहिणे आवश्यक असते. केवळ ‘ई.एम.जी. करावे’ एवढेच लिहून पाठविलेल्या रुग्णाची परीक्षा चुकीच्या अवयवाची किंवा अवेळी होते आणि त्याला दुसरी खेप घालावी लागते.